चहावर झाकलेली बशी

नामदेवभाऊ गेल्याची बातमी मला तारेनं आली नाही की पत्रानं आली नाही. ती मला आमच्या जुन्या शेजारणीनं, सावित्रीनं सांगितली, आणि तीही ते घरात झोपलेत असं सांगून.

दुर्गला नणंदेकडे लग्न होतं. नागपूरहून एवढं आलेच आहे तर एक दुपार काढून भिलाईला जावं, कारखान्याच्या कॅम्पातली आमची जुनी खोल्यांची ओळ पाहावी आणि शेजारच्या भाऊंना भेटावं, असा विचार करून मी निघाले. हातात संत्र्यांची पिशवी होती. संत्रं म्हणजे भाऊंचा जीव की प्राण. सोलताना सालीचा फवारा मुद्दाम स्वतःच्या डोळ्यांत उडवून घ्यायचे आणि लहान मुलासारखे हसायचे. ओळीत शिरले तर उन्हात सगळं सामसूम. भाऊंच्या ओट्यावर त्यांची माय भिंतीला पाठ लावून बसलेली, डोळ्यांत मोतीबिंदूचं पांढरं. दाराशी भाऊंचे काळे बूट जोडीनं ठेवलेले, नाकं घराकडे. सावित्री नळावरून बादली घेऊन येत होती. मी म्हटलं, "काय वं सावित्री, भाऊ हायेत का घरी?" तिनं बादली खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी दिसले, तरी हसली नाही. म्हणाली, "नाईट करके आए हैं. सोए हैं... मत उठाओ."

अहो, नामदेव मेश्राम हा माणूस कारखान्यात दुभाषा! रशियन इंजिनियर बोलणार, हे हिंदीत सांगणार. आपले लोक बोलणार, हे रशियनमध्ये सांगणार. दुभाष्याला कसली आली नाईट? जन्मात त्यांनी रात्रपाळी केली नाही. आणि हे वाक्य मला चांगलं ठाऊक होतं. ते ज्या दुपारी जुळवलं गेलं त्या दुपारी मी त्याच ओट्यावर मुरमुरे निवडत बसले होते. ते वाक्य जो घरात नाही त्याच्यासाठी होतं... आणि ते बाहेरच्या माणसाला सांगायचं होतं. म्हणजे सावित्रीनं एका दमात मला दोन गोष्टी सांगितल्या. भाऊ नाहीत. आणि मी आता बाहेरची.

तिनं मला हाताला धरून खोल्यांच्या मागं नेलं, तिथं मात्र ती रडली. छातीचं दुखणं जुनंच होतं. या खेपेला दवाखान्यात नेलं ते परत आलेच नाहीत. ओळीतल्या पुरुषांनी तिथूनच सगळं उरकलं. मायला सांगितलेलं नव्हतं. "दाई ला कोन बताही, दीदी?" सावित्री विचारत होती, आईला कोण सांगणार? म्हणून सगळ्यांनी मिळून तेच जुनं वाक्य पुन्हा काढलं होतं. भेटायला येणारा माणूस दारात रडला की मायला कळणार, तेव्हा येईल त्याला गल्लीच्या तोंडाशीच गाठायचं आणि ते सांगायचं. पंधरवडा उलटून गेला होता, आणि माझ्याआधी कोणी ओट्यापर्यंत पोहोचलं नव्हतं.

हे वाक्य आलं कुठून ते सांगितल्याशिवाय भाऊ कोण होते ते कळायचं नाही.

लग्न होऊन मी गोंदियाकडून भिलाईला आले तेव्हा कारखाना म्हणजे नुसता सांगाडा होता. जिकडे पाहावं तिकडे खणलेली लाल माती, लोखंडाचे खांब, आणि धुराच्या चिमण्या रोज थोड्या थोड्या वर चढत असलेल्या. माझे यजमान रेल्वेत. क्वार्टर मिळेना म्हणून आम्ही कॅम्पात टिनाच्या छपराची एक खोली घेतली. ओळीत पाच खोल्या, पाचांना मिळून एक लांब ओटा. एका टोकाला सरदारजी, मग बंगाली दासबाबू आणि त्यांची बायको, जिला सगळे बौदी म्हणत. मग सावित्री आणि अप्पाराव, मग नामदेवभाऊ आणि त्यांची माय, आणि या टोकाला आम्ही. पाच घरांच्या पाच भाषा, पाच प्रकारच्या फोडण्या. पहिल्या महिन्यात पाण्यावरून इतकी भांडणं झाली की विचारू नका. सरदारजींची बायको आणि मी एकमेकींना काय काय बोललो ते दोघींनाही कळलं नाही, तेवढंच बरं.

भाऊ भंडाऱ्याकडचे. घरी धानाची बटाईची शेती, पण हे शिकले, धम्म घेतला, आणि भिंतीवर एक बुद्धाची तसबीर टांगून मायला घेऊन इकडे आले. कारखान्याच्या वर्गात रशियन शिकले. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचे, "सुमनवैनी, दिवसभर दुसऱ्याचं बोलतो. घरी येऊन कोनाशी माया मनचं बोलू? सवयच मोडली बाप्पा." बोलायचे ते हसून, पण मला ते ऐकून कसंसंच व्हायचं. कारण खरंच, दुभाषेपणा त्यांच्या अंगात असा भिनला होता की रागावलेल्या साहेबाचं बोलणं सांगताना त्यांचा आवाज चढायचा, डोळे मात्र थंडच राहायचे. ते आवाज दुसऱ्या कोणाचे तरी असायचे.

रशियाच्या शेजारची, त्याच्याच गटातली राष्ट्रं आहेत ना, त्यांची पाहुणेमंडळी अधूनमधून कारखाना पाहायला यायची. भाऊ त्यांच्याबरोबर हिंडायचे. एकदा परतले ते ओट्यावर फतकल मारून बसले आणि म्हणाले, "वैनी, आज गंमत पाह्यली. चार-पाच देशांचे लोक. खोलीत बसले तं नुसतं हमरीतुमरीवर. एकाले हे वाक्य नको, एकाले तो शब्द नको. मी बाहेर बसून आयकून राहिलो. मंग दार उघडलं, अन् पेपरवाल्यानं एकेकाले तोच प्रश्न इचारला. सगळ्यायनं एकच उत्तर देल्लं. शब्दाले शब्द! ज्याचं पटलं नव्हतं त्याच्या तोंडातून बी तेच." मी म्हटलं, "म्हणजे खोटंच की!" तर म्हणाले, "खोटं नाही वैनी. प्रत्येकानं आपलं थोडं थोडं सोडलं, अन् ज्यावर कोनाचीच हरकत नाही ते उरलं. म्हून तर वाक्य इतकं लहान रायते. लहान देशाले एकट्यानं बोलायची सोय नाही; कोनी बी येऊन दाबते. शेजाऱ्यासंगं मिळून बोललं तं वजन येते." मग जरा थांबून म्हणाले, "पन एक हाय... ते बोलतानी त्यायचे चेहरे पाहाले पायजे होते तुमी. जसं कोनी दुसरंच त्यायच्या तोंडून बोलून राहिलं."

त्या मंडळींची एक रीत त्यांना फार आवडली होती. मसुदा टेबलावर ठेवायचा. ठरल्या वेळापर्यंत कोणी हरकत घेतली नाही तर तो सगळ्यांचा झाला. गप्प राहिला त्याची संमती. भाऊंनी ती रीत आमच्या ओळीत आणली. घड्याळ कोणाकडे होतं? चहा होता. पाण्याच्या भांडणावर तोड काढताना त्यांनी पहिल्यांदा ते केलं. काय ठरतंय ते पाचही घरांना आपापल्या भाषेत समजावून सांगितलं, स्वतःच्या दाराबाहेर ओट्यावर गरम चहाचा कप ठेवला, वर बशी झाकली, आणि म्हणाले, "आता सगळे आपापल्या कामाले लागा. चहा थंड होईपर्यंत ज्याले पटत नाही त्यानं येऊन बशी उचलून पालथी ठेवावी. कोनी उचलली ते कोनी पाहाचं नाही, कोनी इचाराचं नाही. बशी झाकलेलीच राह्यली तं गोष्ट पक्की. अन् उचलली गेली तं ते वाक्य परत कपाखाली ठेवाचं नाही, ज्यानं उचलली तो सोता म्हनेपर्यंत." आम्ही हसलो. पण पाण्याची भांडणं त्या दिवशी संपली ती संपली. मग आमचं सगळं त्या बशीखालून जायला लागलं. कॅम्पाच्या बाबूला काय सांगायचं, ठेकेदाराच्या मुकादमाला काय सांगायचं, सगळं एका तोंडानं. इतर ओळींतले लोक आम्हाला भ्यायला लागले म्हणा ना. एकाला विचारा, पाचांचं उत्तर मिळायचं.

सावित्री इथलीच, कुरुदच्या पलीकडच्या एका गावची. अप्पाराव तेलुगू, ठेकेदाराकडे चिमण्यांवर लोखंड चढवायचं काम करायचा. दोघांनी घरच्यांना न विचारता लग्न केलं होतं. पोरगी अशी नाजूक की बादली उचलली तरी वाटायचं हीच लवंडेल. अप्पारावला ठेकेदारानं दुसऱ्या साईटवर नेलं, दूर समुद्राकडे. दिवाळीला येतो म्हणून गेला. दिवाळी गेली. पत्र नाही, माणूस नाही. आणि सुपेल्याच्या बाजाराच्या दिवशी सावित्रीचे दोघे भाऊ ओळीत यायला लागले. दंडात ताकद, डोळ्यांत राग. दमाद कुठाय? तो घरात नाही असं कळलं तर बहिणीला उचलून नेणार आणि गावातल्या एका म्हाताऱ्या बिजवराच्या नावाची चूडी तिच्या हातात भरणार; चूडी भरली की लग्न लागलं, म्हणजे संपलंच. सावित्री मायच्या मांडीत डोकं घालून म्हणाली, मी विहिरीत जीव देईन पण तिकडे जाणार नाही. आणि देणार होती ती, मला पाहून कळत होतं.

त्या दुपारी भाऊंनी वाक्य जुळवलं. मराठीत नको, बंगालीत नको, कोणाच्याच घरची नाही ती कॅम्पाची हिंदी. "नाईट करके आए हैं. सोए हैं... मत उठाओ." मधे कुठं थांबायचं तेसुद्धा शिकवलं. 'सोए हैं'पर्यंत भरभर, मग एक श्वास, मग शेवटचं हळू. चिमण्यांवरचा माणूस रात्रपाळी करून दिवसा झोपणारच, त्यात शंका घ्यायला जागा नाही. दाराला पडदा, आणि बाहेर अप्पारावचे बूट, ते जाताना घरीच राहिलेले. पुढे लोखंडी वाटी असलेले, एवढाले मोठे. चहावर बशी झाकली. कोणी उचलली नाही.

सावित्रीचे भाऊ आले, त्यांना ते वाक्य सरदारजींनी सांगितलं. पुढं आले, मी सांगितलं. मग बौदीनं. बौदीला हिंदीचा एक शब्द येत नव्हता, पण हे वाक्य तिनं असं म्हटलं, तोच श्वास, तोच शेवटचा हळू आवाज, की माझ्याच अंगावर काटा आला. शेवटी माय. तिला तर भंडाऱ्याच्या बोलीपलीकडे काही येत नव्हतं. तीही ओट्यावरून, पांढरे डोळे समोर लावून, "नाईट करके आए हैं. सोए हैं... मत उठाओ." दोघे भाऊ बुटांकडे पाहत उभे राहिले. मग हलक्या पावलांनी निघून गेले. पुढच्या बाजाराला पुन्हा आले, पुन्हा तसेच गेले.

आम्ही खूश झालो. पण खरं सांगते, त्यानंतर ओळीत काहीतरी बदललं. अंगणात मुलं ओरडली की कोणीतरी हटकून म्हणायचं, "हळू रे पोट्टेहो!" बाहेरचं कोणी नसतानाही म्हणायचं. सावित्रीच्या दारावरून जाताना आम्ही बायका चपला हातात घ्यायला लागलो. का, ते एकमेकींना विचारलं नाही. दूधवाला तिच्या घरी दोघांचं दूध घालायला लागला आणि तीही घेऊ लागली. एका दुपारी सावित्री नळावर उभी होती, मी तिला डोळ्यांनी पाहत होते, आणि मला तिच्या खोलीत बाजेची दोरी करकरलेली ऐकू आली. कूस बदलल्यासारखी. बोलून सांगणार काय? बौदीकडे पाहिलं तर तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला होता. तिनंही ऐकलं होतं.

मी भाऊंना म्हटलं, "हे काय होऊन राहिलं हो?" ते हसले नाहीत. म्हणाले, "वैनी, एकट्यानं खोटं बोललं तं ते आपल्याजवळ रायते. सगळ्यायनं मिळून बोललं तं ते कोनाजवळच राहत नाही. मोकळं हिंडते."

मग ती दुपार आली. सरदारजींची बायको माहेरी होती. बौदी, सावित्री आणि मी दुर्गला कापड घ्यायला गेलो होतो. पुरुष कामावर. ओळीत एकटी माय. संध्याकाळी परत आलो तर सावित्री दाराशी थबकली. अप्पारावचे बूट नव्हते. त्या जागी टायरच्या चपला होत्या, झिजून पापुद्रा झालेल्या, पट्टा तारेनं बांधलेला. नीट जोडीनं ठेवलेल्या, नाकं घराकडे.

माय म्हणाली, "एक मानूस आला होता ना. मले दिसलं नाही कोन थो. इचारलं, ह्या खोलीत कोन रायते? म्या सांगतलं, नाईट करके आए हैं. लय येळ उभा होता बाप्पा. मंग म्हने, कवापासून? म्या परत थेच सांगतलं. मंग बुटं घालाचा आवाज आला, अन् गेला." भाऊंचा चेहरा राखेसारखा झाला. ते मायपुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, "माय, आत कोनीच नव्हतं व. तुले ठाऊक होतं ना?" माय म्हणाली, "मले आतून खोकला आयकू आला. म्हून तं म्हटलं."

बूट चोरानं नेले असते तर चपला अशा जोडीनं ठेवल्या नसत्या. अप्पारावच्या पायाच्या मापाचा माणूस त्या कॅम्पात दुसरा नव्हता. तो परत आला होता. आपल्या दाराशी उभा राहिला, आणि आपल्याच घरात दुसराच कोणी पुरुष झोपलाय असं त्याला सांगितलं गेलं... भाऊ तसेच सायकलवर दुर्ग स्टेशनला गेले, सुपेल्याच्या खानावळी पाहिल्या, ठेकेदाराची माणसं विचारली. कुठं पत्ता नाही. सावित्री रडली नाही. तिनं त्या चपला उचलल्या, पुसल्या, आणि पुन्हा दाराबाहेर ठेवल्या.

दोन दिवसांनी भाऊंनी नवं वाक्य आणलं. ते खरं होतं. घरधनी कामाला गेलाय, अजून आलेला नाही, बायको वाट पाहते. तो पुन्हा आला तर त्याला हे तरी कळावं, आणि सावित्रीच्या भावांचं काय ते ओळ पाहून घेईल, पाच घरं आहेत, मारून तर टाकत नाहीत. सावित्रीनं मान हलवली. सगळ्यांनी हलवली. मायनंही ऐकलं. कपावर बशी झाकली आणि आम्ही आपापल्या घरात गेलो. मी मनात म्हटलं, सुटलो एकदाचे.

चहा थंड होण्याइतका वेळ गेल्यावर बाहेर आलो तर कप उघडा. बशी पालथी, कपापासून लांब, दाराच्या चौकटीला अगदी टेकवून ठेवलेली. नियम नियम! कोणी विचारायचं नाही. भाऊंनी बशी उचलून घेतली. मग चहा मोरीत ओतला.

आणि जुनं वाक्य राहिलं. पुढं सावित्रीला दवाखान्यात आयाचं काम मिळालं, ती स्वतःच्या पायावर उभी राहिली, तिचे भाऊ यायचे बंद झाले. वाक्याची गरज उरली नव्हती, तरी ते राहिलं, कारण ते मोडायला पाचही घरं लागत होती आणि त्यातल्या एकानं नाही म्हटलं होतं. कोणी नवा पोस्टमन आला, सेन्ससवाला आला, त्याच्यापुढं तेच. भाऊ रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहत. मी समजायची, पाय मोकळे करतात. एकदा सरदारजींनी सांगितलं, मोठ्या पायाचा कोणी माणूस येताना दिसला की भाऊ पुढं होऊन त्याला नाव विचारतात.

आमची नागपूरला बदली झाली तेव्हा सामान ट्रकवर चढत असताना ते जवळ आले. तीच आमची शेवटची भेट ठरली. म्हणाले, "वैनी, आता तुमी ओळीच्या बाहेर चालल्या, म्हून इचारतो. बशी तुमी उचलली होती का?" मी म्हटलं, "भाऊ, माझ्या मुलाची शपथ, नाही." त्यांनी मान डोलावली. "बौदी नाही. सरदारनी घरी नव्हती, सरदारजी असं करनार नाही. दासबाबू तं मायासंगंच बसले होते. मी लय वर्षं समजून राहिलो का सावित्रीनंच उचलली असन... पन तिची मान मी पाह्यली होती, वैनी. तिले खरंच सुटाचं होतं." मग हसले, त्यांचं ते दुसऱ्या कोणाचं तरी हसू. "वाक्य जुळवाले एक दुपार लागली. मोडाले जनम जाऊन राहिला."

मोठ्या मोठ्या देशांचंही असंच होत असेल का हो? पेपरात वाचते मी, अमुक गटातल्या राष्ट्रांनी एकमुखानं अमुक म्हटलं, आणि मला आमचा ओटा आठवतो. जुळवणारे मरून जातात, कारण संपून जातं, आणि तरी कुणीतरी कुणाच्या तरी दाराशी उभं राहून तेच म्हणत राहतं, कारण एकानं बशी उचललेली असते. मला राजकारण कळत नाही. पण भाऊंना ते कळत होतं, आणि कळून काही उपयोग झाला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तर त्या दुपारी, संत्र्यांची पिशवी हातात, मी ओळीच्या मागं सावित्रीजवळ उभी होते. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, आज ठरवायचं आहे. भाऊंचा भाचा संध्याकाळच्या गाडीनं मायला न्यायला येतोय. सांगितल्याशिवाय माय हलणार नाही. तेव्हा खरं सांगून टाकायचं, असं सगळ्यांचं मत आहे. फक्त बशी झाकायची राहिली आहे. "तैं घलो बइठ, दीदी," ती म्हणाली. तूही बस. म्हणजे मला तिनं पुन्हा आत घेतलं. एवढ्या दुःखातही मला त्याचं बरं वाटलं.

भाऊंचाच कप होता, कान तुटलेला. सावित्रीनं चहा ओतला, त्यांच्या दाराबाहेर ओट्यावर ठेवला, बशी झाकली. काय ठरतंय ते ती मायच्या देखत मोठ्यानं बोलली नाही. माय ओट्यावरच बसलेली, तिच्यासमोर कसं बोलणार? फक्त कप ठेवल्याचा आवाज झाला. सरदारजी, दासबाबू, बौदी, सगळे आत गेले. मीही सावित्रीबरोबर तिच्या खोलीत जायला वळले. बाहेर कोण काय करतं ते पाहायचं नाही, हा नियम. पण पिशवी ओट्यावरच राहिली होती. ती घ्यायला मी पडद्याबाहेर डोकावले.

माय सरकत सरकत कपापर्यंत आली होती. तिनं हात पुढं केला. बोटांनी कपाची कड चाचपली, बशी उचलली, जराही आवाज न करता. पालथी केली. आणि मग दुसऱ्या हातानं भिंत शोधत शोधत तिनं ती बशी चौकटीला अगदी टेकवून ठेवली, कोणाचा पाय लागू नये म्हणून, आणि पुन्हा लागली तर हाताला सापडावी म्हणून. तिची काठी, तिचा तांब्या, तिचं पानाचं डबडं, सगळं ती असंच भिंतीला टेकवून ठेवायची. डोळे असलेला कोणी माणूस असं कशाला ठेवील?

भाऊंनी नवं, खरं वाक्य आणलं त्या दिवशीही बशी अशीच चौकटीला टेकवलेली होती. भाऊ वर्षानुवर्षं ओळभर ज्याला शोधत होते तो माणूस त्यांच्या पाठीशी, त्यांच्याच ओट्यावर बसून होता. मला तिचा राग येईना. अप्पारावला तिनंच दारातून परत पाठवलं होतं. आत कोणी नव्हतं असं एकदा ठरलं असतं, तर त्या आंधळ्या जिवानं ते पाप घेऊन कुठं जायचं होतं? आत कोणीतरी झोपलेलंच असलं पाहिजे होतं. तेव्हाही, आणि आताही.

मी हळूच पिशवी उचलली. तिला कळलं मी आहे ते. पांढरे डोळे माझ्याकडे न वळवता ती बोलली, आणि ते कॅम्पाच्या हिंदीत नव्हतं, तिच्या स्वतःच्या बोलीत होतं.

"माया पोरगा झोपला हाय व, सुमन. लय दिवसाचा थकला होता... उठवू नोका त्याले कोनी."

दाराशी भाऊंचे बूट होते, जोडीनं, नाकं घराकडे. मी संत्र्यांची पिशवी त्यांच्याजवळ ठेवली, चपला हातात घेतल्या, आणि पायऱ्या उतरले.